सीटमागचा क्रेट : कयाकवरच्या मासेमारीचं सामान ठेवण्यासाठी, प्रकल्प नोंदी

शनिवार, ५ जुलै २०२५ : मापं

कयाक सिट-ऑन-टॉप, ३.२ मीटर, रोटोमोल्डेड (साचा फिरवून घडवलेली प्लास्टिकची). वापर कुंडलिका खाडीत, साळाव पुलाच्या आतल्या बाजूला, तिवरांच्या कडेकडेने लूर (नकली आमिष) टाकायला. मासे मुख्यतः जिताडा आणि तांबोशी. सोबत तीन रॉड, लूरचे दोन डबे, पक्कड, कात्री, लीडरची (हुकापाशी बांधायच्या दोरीची) रिळं, थोडं शिसं, लँडिंग नेट आणि बर्फाची पिशवी.

सीटमागच्या खोलगट भागाला पुढे ‘हौद’ म्हटलं आहे. हौदाची तळाची मापं : पुढे रुंदी ४८ सेंमी, मागे ३६, लांबी ५६, खोली १४. मापं काठावर न घेता तळाशीच घ्यावीत. रोटोमोल्डेड कयाकच्या भिंती तिरक्या असतात, काठावरचं माप तळापेक्षा चांगलं तीन-चार सेंमीने जास्त भरतं आणि मग क्रेट अधांतरी अडकतो. जुन्या खोक्याचा पुठ्ठा हौदात दाबून बसवला आणि त्याच आकाराचा कापून दुकानात नेण्यासाठी ठेवला. तळाशी निचऱ्याची दोन भोकं आहेत, त्यांच्या जागा पुठ्ठ्यावर मार्करने दाखवल्या.

किती सामान मावतं याला इथे दुय्यम महत्त्व आहे. कयाक उलटली तर क्रेट जागेवर राहील का, सुटलाच तर तरंगेल का आणि त्याच्यामुळे माणसाला परत वर चढायला अडचण होईल का, हे तीन प्रश्न आधी. पुढचे सगळे निर्णय याच क्रमाने.

रविवार, ६ जुलै : क्रेटची निवड

बाजारात सर्रास मिळणारे दोन आकार पाहिले. फळभाजीचा ५४० × ३६० मिमी आणि छोटा ४०० × ३०० मिमी. मोठा हौदात जेमतेम बसतो, पण मग मागे रॉडच्या नळ्या लावायला बोटभरही जागा उरत नाही. शिवाय मोठा क्रेट रिकामा राहत नाही. जागा दिसली की सामान वाढतं. छोटा घेतला, उंची २५ सेंमी, वजन सव्वा किलोच्या आसपास. ४० सेंमीची बाजू आडवी ठेवून तो हौदात पुढे, सीटला लागून बसतो. मागे पाऊण वीत जागा उरते, तिथे बर्फाची पिशवी.

भिंती जाळीच्याच हव्यात. बंद भिंतींचा क्रेट नीटनेटका दिसतो, पण आतून ३६ × २६ × २३ सेंमी म्हणजे साडेएकवीस लिटरची ती बादलीच होते. एक लाट आत आली की वीस किलोच्या वर पाणी सीटच्या मागे, कमरेच्या उंचीला, डुचमळत राहतं. जाळीतून ते दोन-तीन सेकंदांत निघून जातं.

क्रेट एचडीपीई या प्लास्टिकचा असतो आणि एचडीपीईला कुठलाही नेहमीचा गोंद धरत नाही. ॲराल्डाइट, फेव्हिक्विक, पीव्हीसीचं सोल्युशन, सगळं वाळतं आणि पापुद्र्यासारखं निघून येतं. म्हणून या प्रकल्पात चिकटवणं नाही. जे जोडायचं ते बोल्टने किंवा पट्ट्याने.

शनिवार, १२ जुलै : पाइप आणि बोल्ट

पाइप मागताना घोळ होतो तो इथे. ‘दीड इंची पाइप द्या’ म्हटलं की दुकानदार दोन वेगळ्या वस्तूंपैकी कुठलीही देतो. शेतीचा पीव्हीसी पाइप बाहेरून ५० मिमी असतो, तोही दीड इंची. आणि प्लंबिंगचा शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचा वर्ग) यूपीव्हीसी बाहेरून ४८.३ मिमी, तोही दीड इंची. दोघांची फिटिंग एकमेकांना बसत नाहीत. म्हणून बाहेरचा व्यास मिमीमध्ये सांगावा, किंवा सरळ व्हर्नियर घेऊन जावं.

शेतीचा पाइप हलका आणि स्वस्त, पण भिंत पातळ, बोल्टच्या भोकापाशी तडकतो. शिवाय आतून इतका सैल की स्पिनिंग रॉडची मूठ खडखडत राहते. शेड्यूल ४०ची भिंत ३.७ मिमी, आतला व्यास जवळपास ४१ मिमी. मीटरला पाऊण किलोच्या किंचित आत वजन. तीन नळ्यांना मिळून सुमारे पाव किलो जास्त वजन पडतं, पण तो सौदा परवडतो. शेड्यूल ४० घेतला.

बोल्ट : खाऱ्या पाण्यासाठी एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६. ३०४ चालतो, पण त्यावर चहाच्या डागांसारखा तांबूस थर धरतो आणि धुण्यात हयगय झाली तर वॉशरखाली खड्डे पडतात. दोन्हींमध्ये फरक करायला लोहचुंबकाचा उपयोग नाही, कारण दोघांनाही तो जवळपास धरत नाही; फार तर झिंक चढवलेला लोखंडी बोल्ट पकडला जातो. बोल्टच्या डोक्यावरचा ठसा वाचावा : ‘ए२’ म्हणजे ३०४च्या गटातला, ‘ए४’ म्हणजे ३१६च्या. गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडे ए४ सहसा नसतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला फास्टनरची दुकानं आहेत, तिथे विचारावं.

घेतलेलं सामान :
एम६ × ६० बटन हेड, ३ नग
एम६ × ३० बटन हेड, ३ नग
एम५ × ६०, ३ नग
सगळ्यांना नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले) नट, आणि २५ मिमी व्यासाचे मोठे वॉशर
शेड्यूल ४० दीड इंची पाइप, १ मीटर
पाऊण इंची सीपीव्हीसीचा तुकडा, वीतभर
स्वयंपाकघरातला एचडीपीईचा चॉपिंग बोर्ड, ६ मिमी जाड
सायकलची जुनी ट्यूब

ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट मुद्दाम घेतले नाहीत. त्यांच्या आत उरणारा खिळा बहुतेक वेळा लोखंडी असतो. तो गंजतो आणि रिव्हेट सैल होतो.

रविवार, १३ जुलै : रॉडच्या नळ्या

३०० मिमीचे तीन तुकडे. हॅकसॉ सरळ चालावा म्हणून पाइपभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्या कडेवर रेघ मारली.

स्पिनिंग रीलचा दांडा आत बसण्यासाठी वरच्या तोंडाला खाच लागते. वरून ८० मिमीवर केंद्र धरून २० मिमीचं भोक होल सॉने पाडलं, मग तोंडापासून त्या भोकापर्यंत दोन समांतर काप. आधी भोक आणि नंतर काप, हा क्रम पाळावा. उलट केलं तर कापाच्या टोकाला काटकोन राहतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

खाचेच्या आणि तोंडाच्या सगळ्या कडा कानस मारून, मग २२० आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल केल्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि इथेच लोक घाई करतात. ब्रेड (विणलेली) दोरी पीव्हीसीच्या धारदार कडेवर घासली की तिचे एक-दोन पीळ तुटतात, डोळ्याला दिसत नाहीत, आणि जिताडा लागल्यावर दोरी तिथेच तुटते. कापसाचा बोळा कडेवरून फिरवायचा. एक धागा जरी अडकला तरी परत पेपर.

खालच्या टोकापासून १५ मिमीवर एम५ बोल्ट आडवा, डावीकडून उजवीकडे. रॉडची मूठ त्यावर टेकते आणि नळीचं तळ उघडं राहिल्याने पाणी व चिखल निघून जातो. टोपी लावून तळ बंद केलं तर त्यात खारं पाणी साचतं. बोल्टवर मत्स्यालयाच्या हवेच्या नळीचा तुकडा चढवला, म्हणजे मुठीच्या टोकाला व्रण पडत नाहीत.

शनिवार, १९ जुलै : नळ्या क्रेटवर

तिन्ही नळ्या क्रेटच्या मागच्या भिंतीवर, बाहेरून, केंद्र ते केंद्र १३० मिमी अंतरावर. म्हणजे डाव्या कडेपासून ७०, २०० आणि ३३० मिमी. यापेक्षा जवळ घेतल्या तर ४००० आकाराच्या रीलचं हँडल शेजारच्या नळीवर आपटतं. खाच मागच्या बाजूला, म्हणजे रील मागे लटकते आणि पुढे हात घालताना बेलमध्ये (रीलवरच्या तारेच्या कडीत) बोटं अडकत नाहीत.

नळ्या सरळ उभ्या लावल्या तर टाक मारताना मागे जाणारा रॉड त्यांना लागतो. दहा अंश मागे झुकवल्या. हिशेब असा : खालचा बोल्ट नळीच्या तळापासून ४० मिमीवर, वरचा २२० मिमीवर, मधलं अंतर १८०. दहा अंशांसाठी वरच्या बोल्टवर ३२ मिमीचा ठोकळा हवा. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपचे ३२ मिमीचे तीन तुकडे बोल्टवर ओवले. जास्त झुकवलं तर रॉडची टोकं कयाकच्या शेपटाच्या मागे लोंबतात आणि वळताना तिवरांत शिरतात.

वरचा बोल्ट नेमका खाचेच्या भोकासमोर येतो, त्यामुळे ६० मिमीचा लांब बोल्ट आणि ॲलन की तिथूनच आत जाते. खालच्यासाठी नळीच्या समोरच्या भिंतीत १२ मिमीचं भोक पाडलं. एम६ बटन हेडचं डोकं त्यातून जातं. की ४ मिमीची.

क्रेटची जाळी एकट्या वॉशरवर भार घेत नाही, दोन-तीन महिन्यांत ती वॉशरखाली वाकते आणि नळी डुलायला लागते. म्हणून आतल्या बाजूने चॉपिंग बोर्डच्या ४० × ३५० मिमीच्या दोन पट्ट्या, एक वरच्या ओळीला, एक खालच्या. खालच्या बोल्टवर नळी तिरकी टेकते, तिथे सायकलच्या ट्यूबचे दुहेरी वॉशर. तिरकेपणा रबर सामावून घेतं.

स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नायलॉक कधीही ड्रिलने आवळू नये. आटे तापतात, एकमेकांत रुततात आणि नट अर्ध्यातच कायमचा अडकतो. मग कापण्यावाचून गत नाही. थोडं ग्रीस लावून पान्याने हळूहळू.

क्रेटच्या आत डोकावणाऱ्या आट्यांवर ट्यूबच्या रबराच्या टोप्या बसवल्या. नाहीतर ड्राय बॅगला भोक पडायचं.

रविवार, २० जुलै : झाकण

पर्याय तीन. मरीन प्लाय टिकतं, पण जड आणि कापलेल्या कडेतून पाणी पितं. फ्लूट बोर्ड सगळ्यांत हलका, मात्र त्याच्या नळ्यांत खारं पाणी साठून राहतं आणि नंतर डब्यांवर ठिबकतं. पीव्हीसी फोमचा सनबोर्ड ६ मिमी : या आकाराला साधारण ४०० ग्रॅम, पाणी पीत नाही, कटरने कापता येतो. तोच घेतला, पांढरा. काळा सनबोर्ड उन्हात मऊ पडून वाकतो.

बिजागरीला सायकलच्या ट्यूबची ५० मिमी रुंद पट्टी. लोखंडी बिजागरी खाडीत टिकत नाही आणि पितळीची इथे गरज नाही. सनबोर्डमध्ये स्क्रू धरत नाही, आरपार एम५ बोल्ट आणि दोन्ही बाजूंना मोठे वॉशर. झाकण सीटच्या बाजूने उघडतं, बिजागरी मागे. बंद ठेवायला ६ मिमीच्या इलॅस्टिक दोरीचा फास आणि हुक; ओल्या, चिखलाच्या हाताने एका बोटाने सुटला पाहिजे.

शनिवार, २६ जुलै : आतली मांडणी

डबे आडवे एकावर एक रचले की हवा असलेला नेहमी खालीच निघतो. २७ × १८ × ४.५ सेंमीचे तीन डबे उभे, वहीसारखे. दोन लूरचे, तिसरा हुक, स्विव्हेल, जिग हेड यांचा.

डब्यांचं प्लास्टिक तपासून घ्यावं. तळाशी त्रिकोणात ५ असेल तर पॉलिप्रोपिलीन, ते चालतं. ६ असेल तर पॉलिस्टायरीन. हार्डवेअरच्या दुकानातले स्वच्छ पारदर्शक, कडक खणांचे डबे पुष्कळदा याच प्रकारचे असतात. मऊ प्लास्टिकच्या लूरमधलं तेल पॉलिस्टायरीनला विरघळवतं. आठवड्याभरात लूर आणि खण एकजीव होतात. तसंच ताणल्या जाणाऱ्या टीपीईच्या लूर आणि साध्या पीव्हीसीच्या लूर एका खणात ठेवल्या तर एकमेकींना वितळवतात. मऊ लूर आपल्या मूळ पाकिटांतच ठेवाव्यात, पाकिटं झिप पिशवीत.

वापरलेली ओली लूर डब्यात परत जात नाही. एक ट्रेबल हुक खाऱ्या पाण्यासह आत गेला की बंद डब्यात चार दिवसांत सगळ्या हुकांना गंज चढतो. त्यासाठी ‘ओला डबा’ : अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बरणी, तळाला आणि बाजूंना ६ मिमीची भोकं, उजव्या पुढच्या कोपऱ्यात बांधलेली. घरी आल्यावर बरणीसकट गोड्या पाण्यात बुडवायची.

फोन, किल्ल्या आणि जखमेवरच्या पट्ट्यांसाठी एक लिटरची रुंद तोंडाची, आट्यांच्या झाकणाची बरणी. झाकणात रबर नव्हतं, ईव्हीए शीटची चकती कापून बसवली. आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून, वर वीट ठेवून अर्धा तास बादलीत बुडवली. टिश्यू कोरडा. चकतीशिवाय हीच बरणी घेतली तर आट्यांतून पाणी झिरपतं. तरीही फोन आत झिप पिशवीत.

शिसं सगळ्यांत खाली, मध्यावर. पक्कड आणि कात्री क्रेटच्या पुढच्या भिंतीवर, ३२ मिमी पाइपच्या १२० मिमी तुकड्यांत. सीटवर बसून, अंग न वळवता हात मागे नेला की बोटं त्यांवर पडली पाहिजेत. अंग पूर्ण वळवून मागे शोधाशोध करणं, कयाकवर तोल जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

रविवार, २७ जुलै : तरंगण

एचडीपीई पाण्यापेक्षा किंचित हलकं, पीव्हीसी जड, शिसं आणि स्टील तर बुडणारच. भरलेला क्रेट पावणेपाच किलोच्या आसपास, रॉड-रील धरून सहा. यातलं बरंचसं वजन पाण्यात कमी होतं. जे उरतं ते अंदाजे दोन किलो. त्यावर निम्म्याने चढ धरून तीन लिटर फोम.

स्विमिंग नूडल, व्यास ६५ मिमी, मधलं भोक २० मिमी. एक मीटर तुकड्यात जवळपास तीन लिटर फोम येतो, म्हणजे तीन किलोची उचल. क्रेटच्या पुढच्या आणि दोन्ही बाजूंच्या काठांची लांबी ४० + ३० + ३०, बरोबर एक मीटर. मागची बाजू नळ्यांची. नूडल वरच्या काठालाच बांधायचा. तळाशी बांधला तर क्रेट तोंड खाली करून तरंगतो आणि सगळं सांडतो. थर्मोकोल वापरू नये. मणी सुटून खाडीत जातात.

बांधायला २५ मिमीचा पट्टा. झिप टाय फोममध्ये रुततो आणि हळूहळू त्याला कापतो. इतरत्र झिप टाय वापरायचेच असतील तर काळे. पांढरे एका उन्हाळ्यात ठिसूळ होऊन तुटतात.

शनिवार, २ ऑगस्ट : बांधणी आणि उलटवण्याची चाचणी

जागा : गोड्या पाण्याचं तळं, छातीइतकं पाणी, अंगात लाइफ जॅकेट, काठावर दुसरा माणूस. डब्यांत लूरऐवजी तेवढ्याच वजनाचे खडे. रॉड जुने.

आधी फक्त इलॅस्टिक दोरीची जाळी, कयाकसोबत येते तशी. कयाक उलटली, क्रेटच्या वजनाने दोरी ताणली आणि क्रेट हौदातून बाहेर लोंबला. सुटला नाही, पण कयाक सरळ करताना तो बाजूला आडवा आला. इलॅस्टिकचं काम खडखड थांबवणं एवढंच.

मग २५ मिमी पॉलिएस्टरचे दोन पट्टे, हौदाच्या चारही कोपऱ्यांतल्या कड्यांमधून क्रेटवरून फुलीसारखे, कॅम बकलने आवळून. नायलॉनचा पट्टा ओला झाला की सैल पडतो, म्हणून पॉलिएस्टर. क्रेट हलला नाही. बकलं दोन्ही उजव्या बाजूला, पाण्यात उभं राहून एका हाताने सुटतील अशी.

रॉडना नळ्यांनी धरलं नाही, तिन्ही लगेच घसरले. प्रत्येक नळीला ४ मिमीच्या इलॅस्टिक दोरीचा ६० सेंमी लीश, टोकाला प्लास्टिक क्लिप, ती रीलच्या दांड्याला. यापेक्षा लांब लीश नको, पायात गुंतते. माणसाला बांधलेलं काहीही नको.

पट्टे सोडून क्रेट एकटा टाकला : तोंड वर, काठ पाण्याच्या वर चार बोटं, मागे थोडा कललेला. नळ्यांच्या वजनाने कलणं साहजिक आहे. तिसऱ्या डब्याची जागा पुढे सरकवून थोडं कमी झालं.

परत चढणं बाजूने, सीटच्या पुढून. क्रेट आडवा आला नाही. रॉड मात्र येतात. चढण्याआधी ते नळ्यांतून काढून कयाकवर आडवे टाकावेत.

रविवार, १४ सप्टेंबर : खाडीत

अष्टमी, भांगाचं पाणी (भरती-ओहोटीतला फरक कमी). तिथीच्या पाऊणपटीने (आठची पाऊणपट सहा) भरती सहाच्या सुमारास, ओहोटी दुपारी. नव्या बांधणीला पहिल्यांदा ओढ कमी असलेला दिवस बरा. उधाणात नको.

क्रेट आणि बर्फ मिळून मागे नऊ किलो झाले. नाक वर उचललं गेलं आणि वाऱ्यात कयाक सरळ चालेना. दोन लिटरची पाण्याची बाटली पायांच्या पुढे नेली आणि बर्फ निम्मा केला, फरक लगेच कळला. बर्फाची पिशवी निचऱ्याच्या भोकावर बसत होती. खाली नूडलचे दोन तुकडे ठेवले.

तिवरांच्या फांद्यांखाली शिरताना उभे रॉड अडकतात. तिथे रॉड पुढे, पायांमध्ये आडवे घ्यावे लागतात, याला नळ्यांचा काही इलाज नाही. लँडिंग नेट मागच्या नळीत ठेवलं तर मासा बाजूला आल्यावर हात पोचत नाही. नेटसाठी डाव्या पुढच्या कोपऱ्यात वेगळी नळी, ५० मिमी शेतीच्या पाइपची २०० मिमी. इथे खाच नको, भार नाही, म्हणून पातळ पाइप चालतो.

ओहोटीत चिखलावर कयाक ओढताना क्रेटला धरून ओढायचं नाही. पट्ट्यांच्या कड्या त्यासाठी नसतात, कयाकच्या भिंतीतून उपटून येतात.

रविवार, १२ ऑक्टोबर : तपासणी

बोल्टवर गंज नाही. वरच्या ओळीतले दोन नट पाव फेरा सैल, परत आवळले. एचडीपीई दाबाखाली थोडं बसतं, पहिल्या महिन्यानंतर हे करावंच लागतं. ट्यूबची बिजागरी ठीक. ऑक्टोबरच्या उन्हात झाकण मधोमध तीन-चार मिमी खाली वाकलं आहे, कारण वाळत ठेवताना त्यावर ओला लाइफ जॅकेट टाकला जात होता. खालून चॉपिंग बोर्डच्या उरलेल्या तुकड्याची ३० मिमी रुंद पट्टी आडवी बोल्ट केली.

प्रत्येक फेरीनंतर : क्रेट पट्ट्यांसकट सोडून गोड्या पाण्याने धुणं, बकलांच्या कॅममध्ये पाणी मारणं, उलटा सावलीत वाळवणं. बकलातली स्प्रिंग स्टेनलेस असली तरी वाळू तिला अडकवते. डबे उघडे ठेवून रात्रभर पंख्याखाली, सिलिका जेलच्या पुड्या बदलून मगच बंद.